गाठीत सुई कोण घालतं?

‘कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत.’ हे वाक्य मी आजवर किती वेळा टाइप केलं असेल याची गणती नाही. त्यातलं एक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

पॅथॉलॉजीत नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली असतील. ट्रेमध्ये सुईने काढलेल्या पेशींच्या चार स्लाइड आल्या. सोबतच्या फॉर्मवर वय ४६, ‘डावा स्तन, गाठ’ एवढे तीन शब्द आणि न वाचता येणारी एक सही. गाठ स्तनाच्या कुठल्या भागात, केवढी, किती दिवसांची, हाताला कशी लागते, मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, काय दिसलं, काहीच नाही. स्लाइडवर रक्त होतं, चरबी होती आणि चौथ्या स्लाइडच्या कडेला दुग्धनलिकेच्या अस्तराच्या पेशींचा एक छोटा, नीटनेटका पुंजका. मी चारही स्लाइड दोनदा फिरवून बघितल्या. वाईट काही दिसलं नाही, आणि मी तसंच लिहिलं. वाक्य खरं होतं. त्या बाईंपर्यंत ते ‘कॅन्सर नाही’ असं होऊन पोचलं. सात महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा गाठ दुप्पट झाली होती आणि काखेतही एक हाताला लागत होती.

जुन्या स्लाइड कपाटातून काढून पुन्हा बघितल्या. खरं सांगायचं तर नजरेतून काहीतरी सुटलेलं सापडावं अशी मनात आशा होती. सापडलं असतं तर चूक डोळ्याची ठरली असती, आणि डोळा तयार करता येतो. काही सापडलं नाही. सुई गाठीत गेलीच नव्हती. शेजारच्या चरबीत फिरून बाहेर आली होती. माझी चूक होती ती वाक्याची. ‘नमुना अपुरा आहे, यावरून काहीच सांगता येणार नाही’ असं मी लिहायला हवं होतं.

स्तनातल्या गाठीतून सुईने पेशी काढाव्यात की थेट तुकडाच काढावा, यावर डॉक्टरांमध्ये कित्येक वर्षं वाद चाललाय. एका बाजूला एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून घेऊन त्या काचेवर पसरून बघणं. दुसऱ्या बाजूला कोअर बायोप्सी, म्हणजे स्प्रिंगच्या जाड सुईने मांसाचा दोऱ्यासारखा तुकडा कापून आणणं. जिथे पैशांची ददात नाही अशा बहुतेक ठिकाणी पहिलीला जवळजवळ निवृत्त केलं गेलंय. तिला ‘जुनी’, ‘बेभरवशाची’ म्हणायची रीतच पडलीय. मला हे पटत नाही. एफएनएसीच्या नावावर ज्या चुका जमा आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा सुईच्या नाहीतच. हात एकाचा, डोळा दुसऱ्याचा आणि दोघांची कधी गाठच पडत नाही, अशा व्यवस्थेच्या त्या चुका आहेत. व्यवस्था तशीच ठेवून नुसती सुई जाड केली तर चुका कमी होतील, हे मी मान्य करते. त्या संपतील असं मात्र नाही.

हे पटवायचं तर आधी सुई टोचण्याच्या कामाकडे जवळून बघायला हवं. ते इतकं किरकोळ समजलं जातं की त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

लोक या तपासणीला ‘सुईने पाणी काढणं’ म्हणतात. पाणी बहुतेकदा नसतंच. सुई असते २२ ते २५ गेजची. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. २३ गेजची सुई जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड, साधं इंजेक्शन देतात तसली. डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ पकडून ठेवायची, कारण स्तनातली गाठ जागची हलते. सुई आत गेली की पिस्टन मागे ओढून सिरिंजमध्ये पोकळी करायची, आणि सुई गाठीतल्या गाठीत पुढेमागे करायची, दर खेपेला दिशा थोडी बदलत. सुईच्या बुडाशी लालसर थेंब दिसला की थांबायचं. मग पिस्टन सोडून द्यायचा आणि त्यानंतरच सुई बाहेर काढायची. हा क्रम चुकला, म्हणजे पिस्टन ओढलेलाच ठेवून सुई काढली, तर आतला सगळा माल सिरिंजच्या नळकांड्यात उडून बसतो आणि काचेवर टाकायला काही उरत नाही.

काचेवरचा थेंब पसरणं हेही एक कसबच आहे. जोर जास्त लागला तर पेशी चिरडतात, त्यांची केंद्रकं ओढली जाऊन धाग्यांसारखी होतात. कमी लागला तर थर इतका जाड होतो की आरपार दिसत नाही. काही स्लाइड क्षणाचीही उसंत न घेता ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, काही हवेत वाळवायच्या. दोन्हींचे रंग वेगळे आणि दोन्हींतून दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. अर्धवट वाळलेली स्लाइड अल्कोहोलमध्ये गेली की केंद्रकं फुगून फिकी पडतात. आणि मोठं केंद्रक हीच तर आम्ही कर्करोगाची एक खूण मानतो. म्हणजे टोचणाऱ्याने दहा सेकंद दुसऱ्याशी गप्पा मारल्या, तर वाचणाऱ्यापुढे नसलेला संशय उभा राहतो.

आणि हे सगळं काचेवर दिसतं ते. काचेवर न दिसणारी गोष्ट याहून मोलाची आहे. सुई आत जाताना बोटांना काहीतरी सांगत असते. फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे तरुण वयात सर्रास होणारी साधी गाठ, रबरासारखी लागते आणि सुईखालून निसटू बघते. कर्करोगाची गाठ बऱ्याचदा खरखरीत लागते. ओल्या वाळूत सुई घालावी तशी कचकचते. चरबीत सुई कशालाच न अडता जाते. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात पिस्टन न ओढता नुसती सुई बोटांत धरून टोचायची पद्धत रूढ केली. त्यात रक्त कमी येतं हा एक फायदा, पण मला विचाराल तर खरा फायदा हा की बोटं सुईच्या अगदी जवळ राहतात आणि गाठ काय म्हणतेय ते त्यांना कळतं.

आता सांगा, त्या ४६ वर्षांच्या बाईंच्या गाठीत सुई घालणाऱ्याच्या बोटांना काय लागलं होतं? त्याला ते कुणी विचारलं नाही, त्याने ते लिहिलं नाही. कदाचित त्याला ते ओळखताही आलं नसेल, कारण हे काम विभागात सगळ्यांत नवीन आलेल्याकडे सोपवायची पद्धत असते. ‘सुईच तर टोचायचीय!’

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं तेही थोडं सांगते, नाहीतर ‘पेशी बघून कळतं’ हा एक जादूचा प्रकार वाटायचा.

फायब्रोअ‍ॅडेनोमाची स्लाइड देखणी असते. विचित्र वाटेल ऐकायला, पण असते. अस्तराच्या पेशी मोठाल्या तुकड्यांनी येतात, त्यांना सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले. तुकड्यात पेशी एकमेकींना धरून, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ओळीत बसलेल्या. आणि आजूबाजूला सांडलेल्या तिळांसारखी लांबट, उघडी केंद्रकं. ही उघडी केंद्रकं अस्तराच्या बाहेरच्या थरातल्या पेशींची. नलिकेला दोन थर असतात आणि साध्या गाठीत दोन्ही शाबूत राहतात. ते तीळ दिसले की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

कर्करोगात तीळ नाहीसे होतात. पेशी एकमेकींचा हात सोडतात, सुट्या-सुट्या पडतात, अंगावरचं पेशीद्रव्य तसंच घेऊन. केंद्रकं मोठी, वेगवेगळ्या मापांची, कडा ओबडधोबड. माप घ्यायला पट्टी शोधावी लागत नाही, शेजारी तांबड्या रक्तपेशी पडलेल्याच असतात, सुमारे ७ मायक्रॉनच्या. चांगल्या पेशीचं केंद्रक तिच्याहून थोडंच मोठं. कर्करोगाचं दोन-तीन तांबड्या पेशी पोटात मावतील एवढं. तरीही एका पेशीवरून कुणी शहाणा निकाल देत नाही. सगळी वस्ती बघायची असते.

इतकं स्पष्ट असेल तर अडतं कुठे? अडतं ते सभ्य दिसणाऱ्या कर्करोगापाशी. लोब्युलर नावाचा एक प्रकार आहे. त्याच्या पेशी लहान, शांत, आणि भोवतालचे तंतू इतके चिवट की सुईला चारदोन पेशींवर काही सोडत नाहीत. स्लाइड जवळजवळ रिकामी दिसते. उलट बाजूने फसवणारंही बरंच काही. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना स्तनातल्या पेशी कामाला लागलेल्या असतात. त्यांच्या केंद्रकांत ठळक ठिपके दिसतात, पेशी सुट्या होतात, आणि फॉर्मवर ‘बाळ चार महिन्यांचं आहे’ एवढं लिहिलेलं नसेल तर चांगला जाणकारही दचकतो. पूर्वी रेडिएशन घेतलेला स्तन, मार लागून मेलेली चरबी, नलिकेतला पॅपिलोमा (नलिकेच्या आत वाढणारा मोड), ही सगळी मंडळी त्याच रांगेतली. फायलोड्स नावाची गाठ आणि फायब्रोअ‍ॅडेनोमा यांतला फरक तर पेशींपेक्षा त्यांच्या मधल्या तंतुमय भागात असतो, आणि तो भाग सुईत येईलच अशी खात्री नसते.

एक गोष्ट तर बारीक सुईला तत्त्वतःच जमत नाही. कर्करोग नलिकेच्या भिंतीच्या आत आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय, हे ती सांगू शकत नाही. पेशी सुट्या करून आणल्यावर भिंत कुठली दिसायची!

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण सहज म्हणतो. भाताच्या बाबतीत ते चालतं, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेलं असतं. गाठीचं तसं नाही. एकाच गाठीत एका कोपऱ्यात साधी वाढ, शेजारी मेलेला भाग, पलीकडे कर्करोग असू शकतो. म्हणून नमुना कुठल्याही सुईने घेतला तरी तो एकट्याने निकाल द्यायच्या लायकीचा नसतो. याचं भान वैद्यकशास्त्राला फार आधी आलं, आणि त्यातून तिहेरी तपासणीचा नियम निघाला: हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईचा नमुना. तिन्ही म्हणाले साधी, तर कर्करोग निघण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी. तिन्ही म्हणाले कर्करोग, तर ९९ टक्क्यांहून जास्त खात्री. तिघांपैकी एकाचाही सूर वेगळा लागला तर पुढची तपासणी करायचीच, मग बाकीचे दोघे कितीही ठामपणे बोलोत.

नियम उत्तम आहे. फक्त त्यात एक गृहीत आहे की ही तीन उत्तरं कुणीतरी एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवतं. प्रत्यक्षात हाताची तपासणी सर्जनच्या डोक्यात, फोटो रेडिओलॉजीच्या संगणकात, स्लाइड माझ्या ट्रेमध्ये, आणि तिन्ही कागद एका पिशवीत घालून हिंडणारी ती बाई. टेबल म्हणून काही असेल तर ती पिशवीच.

सुईने बायकांना काय दिलं हे विसरून हा वाद घालता येणार नाही, म्हणून थोडं मागे जाते. विसाव्या शतकाचा मोठा भाग असा गेला की गाठ असलेल्या बाईला भूल द्यायची, गाठ काढायची, ती गोठवून तिथल्या तिथे तपासायची, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढायचा. ऑपरेशनला जाताना तिला ठाऊक नसे की उठेल तेव्हा छातीवर काय असेल. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशन सप्टेंबर १९७४ मध्ये याच रीतीने झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंना स्वतःच्या स्तनात गाठ सापडली. आधी फक्त तपासणी, पुढचं काय ते मी शुद्धीवर असताना ठरवीन, असा आग्रह त्यांनी धरला, आणि तो मान्य करणारा सर्जन मिळवायला त्यांना झगडावं लागलं. पुढे त्यांनी त्याची चळवळच केली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने, ज्यात कुशनरही होत्या, निदान आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं असं सांगितलं.

निदान आणि ऑपरेशन यांच्यात जी फट पडली, ती सुईने भरून काढली. भूल नाही, टाका नाही, आणि उत्तर हातात घेऊन विचार करायला वेळ. पण हा वेळ उत्तर खरं असेल तरच कामाचा. माझ्या त्या चार स्लाइडनीही एका बाईला सात महिने दिले होते.

आता कोअर बायोप्सीबद्दल. तिच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं बहुतेक मला मान्य आहे आणि ते हातचं न राखता सांगायला हवं. १४ गेजची सुई, साधारण २ मिलिमीटर जाड, पेशी नाही तर मांसाची रचनाच उचलून आणते. भिंत फुटली की नाही ते तुकड्यात दिसतं. हार्मोनचे रिसेप्टर आणि हर-टू, म्हणजे औषध कुठलं लागू पडेल ते सांगणाऱ्या पेशींवरच्या खुणा, बघायला तुकडा भरवशाचा, आणि आज उपचारांची दिशाच त्यांवर ठरते. ऑपरेशनआधी केमोथेरपी द्यायची असेल तर तुकडा आधीच काढून ठेवायला हवा. औषधाने गाठ विरघळली तर नंतर तपासायला काही राहत नाही. मॅमोग्राफीत नुसते चुन्याचे बारीक कण दिसत असतील आणि हाताला गाठच लागत नसेल, तर तिथे बारीक सुई घेऊन जाणं म्हणजे वेळ घालवणं. पॅपिलोमाचा संशय, फायलोड्सचा संशय, ‘पेशी जरा वेगळ्या वाटतात’ असा रिपोर्ट, या सगळ्यांत तुकडाच.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. तपासल्या जाणाऱ्या गाठींपैकी बहुतेक साध्याच निघतात. त्यांतल्या कित्येक नुसत्या पाण्याने भरलेल्या पिशव्या असतात. सुईने पाणी निघालं, त्यात रक्त नाही, गाठ बसली, की प्रश्न तिथेच मिटतो. रक्ताळ पाणी आलं किंवा पाणी काढूनही गाठ उरली, तर मात्र मिटत नाही. काखेतली गाठ कर्करोगाची आहे का, हे बारीक सुई फार चांगलं सांगते. ऑपरेशन झालेल्या जागी नवी पुटकुळी आली तर तिथेही. आणि वेळ! कोअरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, मुरावा लागतो, रिसेप्टर नीट बघायचे तर किमान ६ तास. मग मेण, मग कापणी, मग रंग. बारीक सुईची स्लाइड पाऊण तासात वाचून होते, घाईचा रंग वापरला तर पाच मिनिटांत. सुई टोचली त्याच खोलीत मायक्रोस्कोप असेल तर बाई टेबलावरून उठायच्या आत कळतं की माल पुरेसा आलाय की नाही, आणि नसेल तर पुन्हा टोचता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जो उपक्रम जाहीर केला, त्यात बाई दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं असं उद्दिष्ट आहे. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख बायकांना हा रोग झाला आणि ६ लाख ७० हजार दगावल्या. जिथे तुकडा तपासणारी प्रयोगशाळा दूर आहे, तिथे ६० दिवस फॉर्मॅलिनच्या बाटलीच्या प्रवासातच संपायचे. तिथे बारीक सुईने कुणाला तातडीने पुढे पाठवायचं ते त्याच दिवशी ठरतं.

शिवाय तुकडा चुकत नाही, हा एक गोड गैरसमज आहे. कोअरची सुईही गाठीच्या शेजारून जाऊ शकते. तेव्हा रिपोर्ट येतो ‘स्तनाचा सर्वसाधारण भाग’, आणि तो तुकड्याचा रिपोर्ट म्हणून त्याचा दबदबा जास्त. बारीक सुईच्या रिपोर्टवर निदान शंका तरी घेतात. सोनोग्राफीत बघत सुई घालणं हा यावरचा इलाज, आणि तो दोन्ही सुयांना सारखाच लागू आहे.

माझ्याविरुद्धचा सगळ्यांत बळकट मुद्दा यातला कुठलाच नाही. तो असा: बारीक सुईच्या पेशी वाचणारे मुरलेले लोक फार थोडे आहेत, तुकडा मात्र बहुतेक पॅथॉलॉजिस्टना वाचता येतो, मग दुर्मिळ कसबावर बायकांचं निदान टांगून ठेवायचं कशाला? याला माझ्याकडे पळवाट नाही. जिथे टोचणारा कच्चा, वाचणारा कच्चा, तिथे एफएनएसी करूच नये. वाईट एफएनएसी ही काहीच न केल्यापेक्षा वाईट, कारण काहीच केलं नाही तर बाई धास्तावलेली राहते आणि दुसरा दरवाजा ठोठावते. वाईट एफएनएसी तिला घरी पाठवते. मला खटकतं ते पुढचं पाऊल. लोक थोडे आहेत म्हणून शिकवणं बंद, शिकवणं बंद म्हणून लोक आणखी थोडे, आणि मग ‘बघा, ही पद्धतच बेभरवशाची’!

इतिहासात याचा धडा आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेस मार्टिन आणि प्रयोगशाळेतले एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठी तपासण्याचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यांची सुई १८ गेजची, आजच्यापेक्षा जाड. तिथले पॅथॉलॉजिस्ट फ्रेड स्टुअर्ट यांनी त्या स्लाइड वाचायची शिस्त बसवली. एवढं असूनही अमेरिकेत ती पद्धत त्या हॉस्पिटलबाहेर फारशी गेली नाही. ती वाढली स्वीडनमध्ये, १९५० नंतर, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत. सिक्स्टन फ्रांझेन यांनी सिरिंज एका हाताने ओढता यावी म्हणून खास मूठ बनवली, म्हणजे दुसरा हात गाठ धरायला मोकळा. पण मुठीपेक्षा मोठी गोष्ट ही की तिथे सुई टोचणारा आणि स्लाइड वाचणारा बहुधा एकच डॉक्टर असे. स्वतःच टोचलं, स्वतःच पसरलं, स्वतःच बघितलं. स्लाइड रिकामी निघाली तर दोष द्यायला दुसरा कुणी नाही. असा माणूस दहाव्या रुग्णापर्यंत सुधारतो. आमच्या कामातल्या कित्येक जणांनी आयुष्यभर सुया टोचल्या आणि त्यांतल्या किती रिकाम्या गेल्या हे त्यांना कधी कळलं नाही.

प्रत्येक पॅथॉलॉजिस्टने बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावं, असं म्हणणं सोपं आहे आणि होणं कठीण. पण अधलेमधले रस्ते आहेत. टोचणारे दोन-तीनच जण नेमावेत आणि त्यांच्या रिकाम्या स्लाइडचं प्रमाण दर महिन्याला त्यांच्या हातात द्यावं, शिक्षा म्हणून नाही, आरसा म्हणून. फॉर्मवर एक चौकोन असावा: सुईला काय लागलं? रबर, वाळू, लोणी, पाणी, काहीही लिहा, पण लिहा. तो चौकोन रिकामा असेल तर स्लाइड स्वीकारू नयेत. यावर माझी सहकाऱ्यांशी भांडणं झालीत आणि अजून होतील.

रिपोर्टची भाषाही बदलायला हवी, आणि ते तर आमच्याच हातात आहे. आंतरराष्ट्रीय पेशीशास्त्र अकादमीने २०१६ मध्ये योकोहामाच्या परिषदेत काम सुरू करून स्तनाच्या पेशीतपासणीसाठी पाच वर्ग ठरवले: अपुरा, साधी, वेगळेपण, संशय, कर्करोग. प्रत्येक वर्गात नंतर कर्करोग निघण्याचं प्रमाणही दिलं. ‘साधी’ म्हटलेल्यांत १.४ ते २.३ टक्के. ‘अपुरा’ म्हटलेल्यांत २.६ ते ४.८, आणि काही ठिकाणच्या पाहणीत याहून कितीतरी जास्त. ‘वेगळेपण’मध्ये १३ ते १५.७, ‘संशय’मध्ये ८४.६ ते ९७.१, आणि ‘कर्करोग’मध्ये ९९ ते १००.

पहिले दोन आकडे पुन्हा बघा. काहीच न सापडणं हे साधं सापडण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आणि ‘कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत’ हे वाक्य नेमकं या दोघांना एका पांघरुणाखाली झोपवतं. भरपूर शिंगं आणि तीळ दिसले, तरी हेच वाक्य. चरबी आणि रक्त दिसलं, तरी हेच. मी ते लिहिणं सोडलंय. एकतर काय दिसलं ते लिहिते, नाहीतर काही दिसलं नाही म्हणून पुन्हा टोचा असं लिहिते. आणि शेवटच्या ओळीत, हा रिपोर्ट सोनोग्राफीशी जुळत नसेल तर तुकडा काढा. काही डॉक्टरांना ही ओळ आगाऊपणा वाटते. वाटो.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीचंही दोन शब्दांत बोलून घेते, कारण तिच्यामुळे कित्येक जणी तपासणीच टाळतात. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याच्या नोंदी आहेत, पण फार विरळ, आणि सुईमुळे आयुष्य कमी झाल्याचा पुरावा नाही. सुई टोचल्यावर थोडं रक्त साकळतं, काळंनिळं होतं, ते आठ-दहा दिवसांत जातं. त्यामुळे सोनोग्राफी-मॅमोग्राफी आधी, सुई नंतर, हा क्रम मात्र पाळावा. साकळलेलं रक्त फोटोत घोटाळा करतं. क्रमाची ही साधी गोष्टसुद्धा किती वेळा उलटी होते ते विचारू नका.

हल्ली आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः सुई घालते. परवा एक बाई रिपोर्ट न्यायला आल्या. ३८ वर्षांच्या, उजव्या स्तनात वरच्या बाहेरच्या भागात गाठ, दुसरीकडे टोचून आणलेल्या स्लाइड. स्लाइडवर चांगल्या पेशींचे दोन-तीन पुंजके होते, बाकी रक्त.

“म्हणजे कॅन्सर नाहीये ना, डॉक्टर?”

“सुई जिथे गेली तिथे दिसला नाही. सुई कुठे गेली ते मला माहीत नाही. सोनोग्राफी आणलीय?”

त्यांनी पिशवीतून कागद काढला. गाठीच्या कडा वेड्यावाकड्या, असं त्यात लिहिलेलं. मी त्यांना आत बसायला सांगितलं आणि हातमोजे शोधायला लागले.